दाभोळ जेटी, शेवटून दुसरी फेरी

गाडी रांगेत तिसरी. पुढे बर्फाचा टेंपो,
त्याच्या पुढे कुणाचं तरी लग्नाचं कपाट बांधलेली पिकअप.
फेरीबोट अजून धोपाव्यालाच.
कुमुदवन्सं दार उघडून पाय बाहेर सोडून बसल्यात,
पायांत तेच लोकरी मोजे,
भर मे महिन्यात.
विमानतळावरूनच त्यांचा हट्ट: महामार्ग नको,
किनाऱ्यानं जाऊ, तिकडे गेलो तसं.
ही तिसरी खाडी.

तिकीटखिडकीतला लतीफ विचारतो,
"काय काकी, खरंच तिकडे सूर्य मावळत नाही?"

नाही रे बाबा.
पाण्याला टेकतो न टेकतो तोच,
विसरलेली पिशवी आणायला माणूस परत फिरावा
तसा उलटा वर चढतो.

निरंजननं बोटीवर आम्हा दोघींना एकच केबिन घेतली.
त्याला ठाऊक नव्हतं,
किंवा ठाऊक होतं म्हणूनच.
अकरा वर्षं एका अंगणात
दोघी दोन तुळशींना पाणी घालत होतो.
भांडणही पाण्याचंच: आगरातल्या विहिरीचं.
सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा,
आणि रविवारी पंप बिघडला तर तो कुणाचा.

पहिल्या रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
भिंतीकडे तोंडं करून पडलो.
पण अबोल्याला काळोख लागतो.
साडेबाराला पडद्याच्या फटीतून ऊन
थेट वन्संच्या डोळ्यांवर. डोळे उघडे.
माझेही उघडे, हे त्यांना दिसत होतं.
शेवटी त्याच म्हणाल्या,
"मेतकूट कुठल्या पिशवीत गं?"

बोट प्रत्येक बंदराला थांबायची.
दोन पिंपं उतरव, एक सायकल चढव,
धक्क्यावर एक म्हातारा, कुणाचीच वाट न पाहणारा.
वन्संना आगबोट आठवली,
ह्याच बाऱ्यात उभी राहायची ती;
वडील पडावातून यायचे,
डोक्यावर ट्रंक, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.
आमचे सासरे. मी त्यांना कधी भिजलेले पाहिलेच नव्हते.

मग गाडीनं, वर, आणखी वर.
समुद्राच्या पोटातून बोगदा.
रामरक्षा संपली, बोगदा संपेना,
वन्संनी पुन्हा पहिल्यापासून धरली.
रस्त्यात रेनडिअर बसलेले,
आपल्या नाक्यावरच्या गुरांसारखे, हॉर्नला न जुमानता.
एका गावाबाहेर लाकडी मांडव,
मांडवावर मासे सुकत, जोडीजोडीनं टांगलेले.
वास आला, आणि मी म्हटलं, "हर्णै आलं."
जन्मभर ज्या वासातून एस्टीनं गेलो
नाकाला पदर लावून,
त्या वासाला तिथं आम्ही काच खाली केली.

अगदी टोकाला एक लोखंडी गोल. पुढे रस्ता नाही.
वारा असा, की उभं राहायला एकमेकींना धरावं लागलं,
त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं.
तिथं वन्सं म्हणाल्या, "रविवार तू घे."
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं.

लतीफ सुटे पैसे मोजतो. मोजता मोजता थांबतो.
"मग काकी, मगरिबची नमाज कधी पढायची तिथल्या माणसानं?"
ह्याचा विचार आम्ही केला नव्हता.
वन्सं बराच वेळ खाडीकडे बघतात.
"घड्याळ बघून, रे," म्हणतात,
"आणि आजूबाजूला कुणी असेल तर त्याला विचारून."

बोटीचा फाळका खडखडत सिमेंटवर पडतो.
टेंपो चढतो, मागे पाण्याची रेघ सोडत.
कपाट चढतं, त्याच्या आरशात क्षणभर अख्खं दाभोळ.
मग आम्ही.

खाडीच्या मध्यावर सूर्य बुडतो,
पूर्ण बुडतो, मागे काही न ठेवता.
वन्सं मोजे काढून त्यांची गुंडाळी करतात.
काळोख पडतो तसं आम्हाला काही सुचेनासं होतं.
उद्या रविवार.
पंप चालू आहे की नाही, कुणास ठाऊक.